पत्त्याच्या रकान्यात फक्त 'माहुल' लिहू नका

प्रति,
मा. सदस्य सचिव, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ
आणि
मा. कार्यकारी आरोग्य अधिकारी, बृहन्मुंबई महानगरपालिका

विषय: चेंबूर-माहुल-गोवंडी पट्ट्यातल्या कारखानी हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्याला असलेल्या धोक्याचा इमारतनिहाय नकाशा करून तो सर्वांसाठी खुला करण्याबाबत

महोदय, महोदया,

हे एकच पत्र मी दोन कार्यालयांना मुद्दाम लिहिते आहे. हवेत काय आहे ते एका कार्यालयाला ठाऊक असते. कोण खोकते आहे ते दुसऱ्या कार्यालयाला ठाऊक होऊ शकते. हे दोन कागद शेजारी शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय माहुलच्या माणसाला नेमके काय होते आहे ते कोणालाच सांगता येणार नाही. माझी मागणी एवढीच आहे. बाकीचे पत्र ही मागणी का करते आहे ते सांगण्यासाठी आहे.

सत्तावीस वर्षे मी चेंबूर परिसरातल्या एका धर्मादाय दवाखान्यात फार्मासिस्ट होते. लोक 'कंपाउंडरबाई' म्हणत. खिडकीच्या आत मी, बाहेर रांग. केसपेपर हातात आला की माझी नजर आधी औषधांवर जायची, मग वयावर. पत्त्यावर जायचे कारणच नव्हते, कारण त्या रकान्यात बहुतेक वेळा एकच शब्द असायचा: 'माहुल'. कधी 'आंबापाडा', कधी 'गव्हाणपाडा', कधी 'वाशीनाका'. इमारत कोणती, मजला कोणता, घर कारखान्याच्या भिंतीला लागून की खाडीकडे, हे कोणी विचारत नव्हते आणि कोणी सांगत नव्हते. दम्यावरच्या साल्ब्युटामॉलच्या गोळ्या, खोकल्याची बाटली, खाजेचे मलम, डोळ्यांत घालायचे थेंब. हातातली पिशवी पुढे करायची आणि पुढचा नंबर.

दर महिन्याला मी औषधांचे मागणीपत्र भरायची. दिवाळी सरली की दम्याच्या गोळ्यांचा आकडा वाढवून लिहायचा, हे मला कोणी शिकवले नव्हते. पहिल्या दोन हिवाळ्यांत साठा संपला आणि आया कडेवर पोर घेऊन परत गेल्या, तेव्हा शिकले. पुढे कधीतरी लक्षात आले की आपण दर महिन्याला जे लिहितो तो या भागातल्या छातीचा हिशेब आहे. फक्त त्याला जागा नाही. म्हणजे किती ते कळते, कुठे ते कळत नाही. मी निवृत्त झाले त्या वर्षी दवाखान्याची जागा रिकामी करताना जुन्या नोंदवह्या रद्दीत गेल्या. दोन टेंपो भरले. मी तिथे उभी होते आणि काही बोलले नाही, याचे वाईट मला आजही वाटते.

आता हवेकडे येते. मुंबईत हवा मोजणारी स्वयंचलित केंद्रे दोन डझनांहून अधिक आहेत. मोबाइलवर एक्यूआय, म्हणजे हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक दिसतो, रंग दिसतो. हे चांगलेच आहे, पंधरा वर्षांपूर्वी एवढेही नव्हते. पण माहुलच्या माणसाचे दुखणे या आकड्यात पूर्ण मावत नाही. एक्यूआय आठ घटकांवर काढतात: धुळीचे दोन प्रकार, नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन, अमोनिया आणि शिसे. तेलाच्या टाक्यांवरून, रसायने चढवता-उतरवताना जी वाफ सुटते, ती बेंझीन, टोल्युईन, झायलिनची वाफ या आठांत नाही. त्यामुळे रात्री दोन वाजता वास नाकात शिरून मूल उठते, आई खिडकी लावते, आणि सकाळी मोबाइल 'समाधानकारक' म्हणतो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. मोबाइल खोटे बोलत नाही, त्याला ती वाफ विचारलेलीच नाही.

बेंझीनसाठी आपल्या देशात 2009 च्या मानकांत मर्यादा आहे, घनमीटरमागे 5 मायक्रोग्रॅम. पण ती वर्षाच्या सरासरीची. वर्षात 8,760 तास असतात. टाकी भरताना दोन तास हवा विषारी झाली तर ते दोन तास त्या सरासरीत विरून जातात. टोल्युईन आणि झायलिनला तर बाहेरच्या हवेसाठी मानकच नाही. सल्फर डायऑक्साइडचे घ्या. दमेकऱ्याची श्वासनळी त्याने काही मिनिटांत आवळते, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने त्यासाठी दहा मिनिटांची मर्यादा दिली आहे, 500 मायक्रोग्रॅम. आपल्या मानकातली सर्वांत छोटी मर्यादा चोवीस तासांच्या सरासरीची. दम्याचा झटका चोवीस तासांची सरासरी पाहून येत नाही हे दवाखान्यातली आयाही सांगेल.

या भागाचा इतिहास आपल्या दप्तरात आहेच, तरी थोडक्यात सांगते. माहुलचे कोळीवाडे आधीचे. तेलशुद्धीकरण कारखाने आणि तुर्भ्याचे वीज केंद्र 1950 च्या दशकात आले, खत कारखाना त्यानंतर. तेव्हा हा भाग शहराच्या टोकाला होता. नंतर शहर कारखान्यांच्या भोवती वाढले, रसायनांच्या साठवण टाक्या वाढल्या, आणि चेंबूरला लोक 'गॅस चेंबर' म्हणू लागले. हवा आणि छाती एकत्र तपासायचे काम याच शहरात एकदा झाले होते, हे मला फार महत्त्वाचे वाटते. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस केईएम रुग्णालयाच्या डॉ. एस. आर. कामत यांच्या पथकाने लालबाग, चेंबूर, खार आणि एक ग्रामीण भाग निवडून तिथल्या माणसांची तपासणी केली आणि काही वर्षे त्यांचा पाठपुरावा केला. संगणक नव्हते, उपग्रह नव्हते. डॉक्टर, फुंकून श्वास मोजायचे यंत्र आणि घरोघर जाणारी माणसे होती. ते जमले होते, म्हणजे आजही जमेल.

त्यानंतर 2013 मध्ये केईएमनेच माहुल आणि आंबापाड्यात पाहणी केली. 67.1 टक्के लोकांना महिन्यातून तीनपेक्षा जास्त वेळा धाप लागत होती. 84.5 टक्के लोकांनी छाती आवळल्यासारखी, कोंडल्यासारखी होते असे सांगितले. डोळे चुरचुरण्याची तक्रार 86.6 टक्के लोकांची होती. गावातल्याच रहिवाशांनी राष्ट्रीय हरित लवादात धाव घेतली होती. डिसेंबर 2015 मध्ये लवादाने निकालात म्हटले की इथल्या हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्याला धोका जाणवण्याजोगा आहे.

आता पुढची गोष्ट. 2017 पासून तानसा जलवाहिनीच्या कडेची घरे तोडली गेली आणि त्या कुटुंबांना पाठवले कुठे, तर माहुलला. 72 इमारती, 17 हजारांहून अधिक खोल्या, अंगाला अंग लागलेल्या. लवादाचा निकाल हाती होता. केईएमचे आकडे हाती होते. तरीही घाटकोपर, विद्याविहारची माणसे कारखान्यांच्या शेजारी आणून ठेवली. ऑगस्ट 2018 मध्ये जवळच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात स्फोट झाला, चाळीसहून अधिक जण जखमी झाले. माहुलच्या लोकांनी 'जीवन बचाओ'ची हाक देत रस्त्यावर रात्री काढल्या. 2019 मध्ये उच्च न्यायालयाने सांगितले की कोणालाही माहुलला जायची सक्ती करता येणार नाही, ज्यांना पर्यायी घर देता येत नाही त्यांना महिना 15,000 रुपये भाडे आणि 45,000 रुपये अनामत द्या. ऑगस्ट 2020 मध्ये लवादाने चार कंपन्यांना मिळून सुमारे 286 कोटी रुपयांची भरपाई भरायचा आदेश दिला.

मी कायदा शिकलेली नाही. पण सत्तावीस वर्षे औषध देताना एक सवय लागली: औषध देण्यापूर्वी चिठ्ठी वाचायची. 2017 मध्ये चिठ्ठी न वाचता औषध दिले गेले. त्या वेळी घर वाटपाच्या टेबलावर एक नकाशा असता, त्यावर कारखान्याची भिंत, वाऱ्याची दिशा, केईएमने मोजलेली धाप, आणि त्यावर 72 इमारतींचे ठिपके, तर कोणत्या अधिकाऱ्याचा हात सही करायला उचलला असता? मला खरेच असे वाटते की त्यांतले बरेच जण वाईट नव्हते. त्यांच्या टेबलावर खोल्यांची यादी होती, हवेची नव्हती.

आणि नकाशा नाही म्हणून लोकांना काही कळत नाही असे मात्र समजू नका. 2025 मध्ये महापालिकेने माहुलमधली नऊ हजारांहून अधिक रिकामी घरे आपल्याच तृतीय आणि चतुर्थ श्रेणीच्या कर्मचाऱ्यांना विकायला काढली. किंमत सुमारे 12 लाख 60 हजार रुपये. मुंबईत या पैशात पार्किंगची जागा मिळत नाही. तरीही अर्ज इतके थोडे आले की मुदत वाढवावी लागली. ज्यांनी अर्ज केले नाहीत त्या सफाई कामगारांच्या, शिपायांच्या डोक्यात नकाशा तयार आहे. आपल्या दप्तरात तो नाही, एवढाच फरक. म्हणून 'नकाशा प्रसिद्ध केला तर घबराट पसरेल, घरांच्या किमती पडतील' हे कारण कृपा करून देऊ नका. घबराट जुनी आहे. नकाशामुळे झाला तर तिचा आकार नेमका होईल.

आता हे करायचे कसे, याबद्दल दवाखान्याच्या खिडकीतून जेवढे दिसले तेवढे लिहिते.

सुरुवात पत्त्यापासून करा. महापालिकेच्या दवाखान्यांत, प्रसूतिगृहांत आणि 'आपला दवाखाना'त आता टॅबवर नोंद होते. त्यात पत्त्यासाठी मोकळी जागा सोडण्याऐवजी वसाहत, इमारत क्रमांक आणि मजला असे तीन ठरलेले पर्याय द्या. नोंदणी करणाऱ्या मुलीला त्यासाठी अर्धे मिनिट जास्त लागेल. रांग लांब असते, ती मुलगी वैतागते, मला माहीत आहे. म्हणूनच निवडायचे पर्याय द्या, टाइप करायला लावू नका. दुसरा प्रश्न: 'इथे किती वर्षे राहता?' हा प्रश्न फार मोलाचा आहे. माहुलला येऊन सहा महिने झालेल्या बाईचा दमा आणि जन्मापासून गावात असलेल्या कोळ्याचा दमा एकाच रकान्यात टाकले तर दोघांवरही अन्याय होतो. तिसरा प्रश्न कामाचा. तो टाक्या साफ करतो का, ती घरात बसून प्लास्टिक तासते का, की देवनारच्या कचऱ्यावर जाते?

मृत्यूच्या नोंदीत कारण आणि पत्ता दोन्ही महापालिकेकडेच असतात. शाळांच्या हजेरीपटात किती मुले कोणत्या आठवड्यात गैरहजर होती ते असते. 108 रुग्णवाहिकेच्या फोनची वेळ असते. क्षयरोगाच्या रुग्णांची तर घरापर्यंतची नोंद कार्यक्रमातच आहे. नवे काही गोळा करायच्या आधी हे एकमेकांना जोडून पाहा. गोवंडी-मानखुर्द भागातल्या लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख या पुनर्वसन वसाहतींची पीएमजी कॉलनीशी घरोघर तुलना करून, इमारतींमधले अंतर, उजेड, वारा आणि क्षयरोग यांचा संबंध अभ्यासकांनी दाखवून दिला आहे. इमारत हे मोजमाप धरले की किती स्पष्ट दिसू लागते याचा तो आपल्याच वॉर्डातला पुरावा आहे.

हवेच्या बाजूने मंडळाने कारखान्यांच्या कुंपणावर मोजायला हवे. चिमणी मोजली जाते. 2014 पासून मोठ्या प्रदूषक उद्योगांच्या चिमण्यांवर ऑनलाइन यंत्रे बसवायला लावली, आणि 5 जून 2017 ला मंडळाने कारखान्यांना तारे देण्याची योजना काढली, ती मला आवडली होती. सामान्य माणसाला एक तारा आणि पाच तारे कळतात. पण ते तारे चिमणीतल्या धुळीचे. माहुलचा वास चिमणीतून येतोच असे नाही. तो टाकीच्या झाकणाच्या फटीतून, पंपाच्या सीलमधून, टँकर भरताना बाहेर ढकलल्या जाणाऱ्या वाफेतून येतो. त्याला तोंड एक नसते, शेकडो असतात. म्हणून तो कुंपणावरच पकडावा लागतो.

अमेरिकेत 2015 च्या नियमाने तेलशुद्धीकरण कारखान्यांना कुंपणाभोवती नळ्या लावायला सांगितले. नळी म्हणजे बोटाएवढी, वीज लागत नाही, दोन आठवड्यांनी काढून प्रयोगशाळेत द्यायची. त्यातले बेंझीन मोजून आकडे लोकांसाठी खुले करतात, आणि कुंपणावरच्या सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी आकड्यांतल्या फरकाची वार्षिक सरासरी 9 मायक्रोग्रॅमच्या वर गेली तर कारखान्याला गळती शोधून ती दुरुस्त करावी लागते. हे अमेरिकेचे कौतुक म्हणून लिहीत नाही. तिथे कारखान्यांनी कोणती विषारी रसायने बाहेर सोडली हे लोकांना सांगणे 1986 च्या कायद्याने बंधनकारक झाले, आणि तो कायदा आला भोपाळमुळे. आपली माणसे मेली, आणि त्यातून तिथल्या माणसांना जाणून घ्यायचा हक्क मिळाला. आपल्याकडेही 1986 मध्येच पर्यावरण संरक्षण कायदा झाला. पण माहुलच्या बाईला आपल्या शेजारच्या टाकीतून वर्षाला किती वाफ सुटते हे विचारायचे तर आजही माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहावा लागतो. हे मला चाळीस वर्षांनंतर सहन होत नाही.

नळ्या दोन आठवड्यांची सरासरी देतील. रात्रीच्या दोन तासांसाठी माहुलगाव आणि 72 इमारतींमध्ये सतत मोजणारी निदान दोन-तीन यंत्रे लागतील, जी धुळीबरोबर या वाफाही मोजतील. सोबत वारा मोजा. हिवाळ्यात रात्री जमिनीलगतची हवा थंड होते, वर ऊबदार थर झाकणासारखा बसतो, वारा पडतो, आणि सुटलेले काहीही वर जात नाही. दुपारी समुद्राचा वारा आला की तेच दुसऱ्या वस्तीकडे सरकते. म्हणजे नकाशाही एक पुरणार नाही. पावसाळ्याचा वेगळा, हिवाळ्याच्या रात्रीचा वेगळा लागेल. टाक्या भरण्याच्या वेळा कारखान्यांच्या नोंदीत असतातच. त्या मंडळाने मागवाव्यात आणि लोकांनी वासाची तक्रार केलेल्या वेळांशी ताडून पाहाव्यात. तक्रार करणाऱ्याला 'पथक आले तेव्हा वास नव्हता' एवढेच उत्तर मिळते तेव्हा तो पुन्हा फोन करत नाही. वास थांबून राहत नसतो, पथकासाठी तर नाहीच.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. या पट्ट्यात एकट्या कारखान्यांचे पाप नाही. देवनारचा कचरा आहे, रुग्णालयांचा जैववैद्यकीय कचरा जाळणे गोवंडीने वर्षानुवर्षे सोसले आहे, मुक्तमार्गावरची वाहने आहेत, सिमेंटचे मिक्सर आहेत, अंधाऱ्या खोल्यांतला क्षयरोग आहे, तंबाखू आहे, आणि या सगळ्यांच्या मुळाशी गरिबी आहे. त्यामुळे नकाशा पाहून 'हा दमा अमुक टाकीचा' असे बोट दाखवता येणार नाही. कंपन्यांचे वकील हेच म्हणतील, आणि तेवढ्यापुरते ते बरोबर असेल. पण यावर उपाय तुलना हाच आहे. त्याच उत्पन्नाची, तशाच 225 चौरस फुटांच्या खोल्यांत राहणारी, पण कारखान्यांपासून लांब असलेली एखादी पुनर्वसन वसाहत निवडा आणि तिथेही हेच प्रश्न विचारा. 2013 च्या 67.1 टक्क्यांशेजारी असा दुसरा आकडा असता तर दहा वर्षांचा वाद वाचला असता. आणि पाहणी एकदाच करून थांबू नका. दर दोन वर्षांनी करा, त्याच घरांत. उपाय केल्यावर धाप कमी झाली का, हे कळायचा दुसरा मार्ग नाही.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ औद्योगिक क्षेत्रांना प्रदूषणाचे गुण देते, गुण जितके जास्त तितकी स्थिती वाईट; त्या निर्देशांकाबद्दल एक शब्द. 2009 मध्ये त्यात चंद्रपूरला 83.88, डोंबिवलीला 78.41, चेंबूरला 69.19 गुण होते. 2018 मध्ये तारापूर 93.69 गुणांनी देशात सर्वांत वर गेले. सुधारित पद्धतीत शंभरातले फक्त दहा गुण माणसांच्या आरोग्याला आहेत, आणि तेही परिसरातल्या काही मोठ्या रुग्णालयांच्या नोंदींवरून. मोठ्या रुग्णालयात सायन-परळपासून पनवेलपर्यंतचा रुग्ण येतो. माहुलची बाई तर तिथे पोचेपर्यंत आमच्यासारख्या दहा खिडक्या हिंडून थकलेली असते. तिच्या धापेची नोंद त्या दहा गुणांत कुठून येणार? म्हणून मी दवाखान्याच्या केसपेपरपाशी अडून बसले आहे. हेच डोंबिवलीला लागू आहे, जिथे 2014 मध्ये हिरवा पाऊस पडला आणि 2020 मध्ये रस्ता गुलाबी झाला. रंग दिसला म्हणून मंत्री आले. ज्या वाफेला रंग नाही तिच्यासाठी कोण येणार?

मला दोन भीती आहेत, त्याही लिहून ठेवते. पहिली, या नकाशात माणसाचे नाव किंवा खोली क्रमांक कधीही दिसता कामा नये. क्षयरोगाच्या एका शब्दाने लग्न मोडलेली मुलगी मी खिडकीतून पाहिली आहे. इमारतीच्या पातळीवर आकडा द्या, आकडा फार छोटा असेल तर दोन-तीन इमारती एकत्र करा. दुसरी भीती जास्त मोठी आहे. उद्या या नकाशावर लाल रंग दिसला की कोणीतरी म्हणेल, मग लोकांनाच हलवा. माहुलगाव आणि आंबापाडा कारखान्यांच्या आधीचे आहेत. खाडीतली मासळी त्यांनी आधीच गमावली, आता गावही सोडा म्हणणे हा नकाशाचा उपयोग नव्हे. लाल रंग दिसला की पहिला प्रश्न गळतीला विचारला गेला पाहिजे, घराला नाही. ज्यांना सक्तीने आणले आणि ज्यांना जायचे आहे त्यांची गोष्ट वेगळी. त्यांना जाऊ द्या, तेही लवकर.

खर्चाचे म्हणाल, तर लवादाने ठरवलेली भरपाई ही याच हवेच्या नावाने आहे. तिचा जो भाग वसूल होईल तो याच पट्ट्यातल्या मोजणीवर आणि उपचारांवर खर्च व्हावा, आणि त्याचा हिशेब वॉर्ड कार्यालयाच्या फलकावर लावावा.

माझी विनंती मुदतीसह मांडते, कारण मुदत नसलेल्या पत्राला उत्तर येत नाही. येत्या दिवाळीपूर्वी एम पूर्व आणि एम पश्चिम वॉर्डातल्या सर्व दवाखान्यांत पत्त्याचा रकाना बदलावा. त्याच हिवाळ्यात कुंपणावरच्या नळ्या लावाव्यात. दोन्ही कार्यालयांनी मिळून एक माणूस नेमावा, ज्याचे काम हे दोन कागद जोडणे एवढेच असेल आणि ज्याचे नाव व दूरध्वनी लोकांना माहीत असेल. पहिला कच्चा नकाशा पुढच्या पावसाळ्याआधी माहुलच्या इमारतींखाली, गावाच्या देवळाशी आणि शाळेत मराठीतून आणि हिंदीतून लावावा. तो चुकीचा असला तरी चालेल. चुका लोकच दाखवतील, कोणत्या मजल्यावर वास आधी येतो ते त्यांना तोंडपाठ आहे.

आणखी एक. नोंदवह्या रद्दीत गेल्या, पण मी दरमहा भरलेल्या मागणीपत्रांच्या कार्बन प्रती घरी आणून ठेवल्या आहेत. त्यांत कोणाही रुग्णाचे नाव नाही. फक्त महिना, औषध आणि नग. काही महिने हरवले आहेत, काही पानांवरची शाई पुसट झाली आहे, पण बऱ्याच हिवाळ्यांच्या दम्याच्या गोळ्या त्यांत मोजलेल्या आहेत. तुमच्या हवेच्या आकड्यांशेजारी त्या ठेवून पाहाव्यात असे मला वाटते. त्या कोणत्या कार्यालयात, कोणत्या दिवशी आणि कोणाच्या हातात आणून देऊ, ते कळवावे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त फार्मासिस्ट, चेंबूर